पुराच्या रेघेवर भिंतीला पायरी पडली आहे, सपाट कशी करू?

गावभागची_सून (१२ जानेवारी)

नमस्कार. इथले रंग-पुट्टीवरचे बरेच धागे वाचले, पण माझी भिंत त्यांतल्या कुठल्याच भिंतीसारखी नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

घर सांगलीत, गावभागात. आजेसासऱ्यांनी १९६१ साली बांधलेलं. दीड विटेच्या भिंती, वर माडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या माजघरात सव्वाचार फूट पाणी होतं, आठ दिवस. पाणी ओसरल्यावर खालचा गिलावा हात लावीन तिथं सुटत होता. त्या वेळी अख्ख्या गावाला एकदमच गवंडी हवे होते. जे मिळाले त्यांनी साडेचार फुटांपर्यंतचा जुना गिलावा पाडून सिमेंटचा केला आणि वरचा जुना तसाच ठेवला. घाई आमचीच होती, त्यांना बोल लावत नाही. पण नवा गिलावा जुन्यापेक्षा जाड झाला आणि भिंतीला आडवी पायरी पडली. बोटाचं पेर बसेल एवढी. सासूबाई तिच्यावर काडेपेटी उभी करून ठेवतात.

पाच वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं. आता माडीवर नेऊन ठेवलेलं सागवानी कपाट खाली आणलं, तर ते तळाला भिंतीला टेकतं आणि डोक्याला बोटभर फट राहते. त्या फटीत पाल राहायला आली आहे. मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, पाहुणे याच खोलीत बसणार.

तीन माणसांना दाखवलं. रंगारी म्हणाला, "ताई, तीन हात पुट्टी ओढतो, पायरी होती हे तुम्हालाच आठवणार नाही." मिस्त्री म्हणाले, जमिनीपासून माडीपर्यंत सगळं पाडायचं. भाचा पुण्याहून आला होता, तो म्हणाला प्लॅस्टिकचं पॅनेल लाव आणि विसरून जा.

सासऱ्यांच्या पेटीत पितळी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं) सापडला. भिंत १३ फूट लांब, १० फूट उंच. वर एक पट्टी ठोकून ओळंब्याची दोरी भिंतीपासून ५० मिलीमीटर लांब सोडली आणि दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर खाली खाली मोजत आले. डावीकडे, मध्ये, उजवीकडे असं तीन ठिकाणी:

अगदी वर: ५०, ५०, ५०
सहा फुटांवर: ४७, ४१, ४९
पायरीच्या लगेच वर: ४८, ४३, ५२
पायरीच्या लगेच खाली: ३७, ३१, ४०
जमिनीजवळ: ३६, ३७, ३९

आकडा लहान म्हणजे भिंत पुढे आलेली. मध्यभागी सहा फुटांवर पोट आहे, ते डोळ्यांनाही दिसतं. शिवाय पायरीच्या वरच्या अंगाला पांढरी भुकटी येते. झाडून काढली की आठवड्यात परत.

पुट्टी, सिमेंट की जिप्सम? आणि मिस्त्री म्हणतात तसं खरंच सगळं पाडावं लागेल का?

तिसरा_मजला (१२ जानेवारी)

पुट्टीचं उत्तर मी देतो, कारण ते माझ्या खिशातून गेलं आहे.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीत बीमच्या खाली खड्डा होता, आठ-नऊ मिलीमीटर. मी आणि मेव्हण्याने दोन रविवार घालवून तो व्हाइट सिमेंट पुट्टीने भरला. दिसायला सुंदर. तिसऱ्या महिन्यात केसासारखी चीर आली, आणि एके रात्री पापडासारखा तुकडा उशाशी पडला. उचलून पाहिला तर मागची बाजू गुळगुळीत, भिंतीचा कणही चिकटलेला नाही. मग पोत्यावरचं बारीक अक्षर वाचलं. दोन हात मिळून दीड मिलीमीटर. आम्ही सहापट भरली होती.

पुट्टी म्हणजे भिंतीला लावायची पावडर, ती हाडं सरळ करत नाही. बारा मिलीमीटरची पायरी तिच्याने लपवायची तर उतार करत चार-पाच फूट वरपर्यंत न्यावी लागेल, आणि ट्यूबलाइट लावली की तो उतार दिसणारच.

आम्ही शेवटी जिप्सम केलं आणि ते उत्तम झालं आहे. अर्ध्या तासात धरतं, पाणी मारायची कटकट नाही. पण आमचा तिसरा मजला आहे. तुमच्याकडे नदी येते, तेव्हा जिप्समचं मी बोलत नाही. पाण्यात बसलं की ते मऊ पडतं.

कोयनाकाठ (१३ जानेवारी)

ताई, मोजमाप करून प्रश्न विचारणारं माणूस या मंचावर मी पहिल्यांदा पाहतो आहे. तीस वर्षं सरकारी बांधकामावर काढली, तिथेही असं क्वचित व्हायचं.

पण मोजणी अर्धी झाली आहे. तुम्ही उभं मोजलंत, आडवं नाही. ओळंबा तीनही ठिकाणी भिंतीपासून ५० वर लावला, म्हणजे वरच्या कडेला भिंत सरळ आहे असं धरून चाललात. तिथेच मध्ये फुगवटा असला तर? या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी ताणून बांधा, दोन्हीकडे सारख्या जाडीचे ठोकळे देऊन, आणि मध्ये किती फरक पडतो ते सांगा.

आता त्याहून महत्त्वाचं. भिंतीला पोट आहे हे दिसलं, पण पोट कुणाला आहे? विटेच्या भिंतीला, की तिच्यावरच्या गिलाव्याला? वीट पुढे आली असेल तर तो वेगळाच आजार, त्यावर गिलाव्याच्या गप्पा मारायच्या नाहीत, आधी माणूस आणून दाखवायचं. पण साठ वर्षांच्या घरात बहुतेक वेळा गिलावा विटेपासून सुटून पुढे आलेला असतो. भाकरी फुगते तसा. तपासायला यंत्र लागत नाही. रुपयाचं नाणं किंवा हातोडीचा दांडा घ्या आणि वीतवीत अंतरावर ठोकत जा. खणखणीत वाजलं तर धरून आहे, बद्द वाजलं तर सुटलं आहे. बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा. सगळी भिंत झाली की चार पावलं मागे येऊन बघा, खडूचा नकाशाच तुम्हाला सांगेल काय पाडायचं ते. अंदाजाने सगळंच पाडायचं म्हणणाऱ्या मिस्त्रीला रोजावर काम हवं असतं. दुसरा एक जण काहीच पाडायचं नाही म्हणतो, त्याने उक्तं घेतलेलं असतं.

आता पांढरी भुकटी. तो लोणा. तो पायरीच्या खाली न येता वरच्या अंगालाच का येतो, याचा विचार केलात का? १९६१ सालच्या गावभागातल्या घरात जोत्याला ओल अडवणारा थर असण्याची शक्यता कमी. जमिनीची ओल विटेतून वर चढते. पूर्वी वर चुन्याचा गिलावा होता, चुना श्वास घेतो, ओल जिथल्या तिथे खोलीत उडून जायची. तुम्ही खाली साडेचार फूट सिमेंटचा घट्ट पट्टा मारलात. आता ओलीला बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ती पट्ट्याच्या मागून वर चढते आणि पट्टा संपतो तिथे तोंड काढते. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. म्हणजे पायरी आणि लोणा ही दोन दुखणी नाहीत. दोन्ही त्याच सिमेंटच्या पट्ट्यामुळे आहेत.

विटा कशात बांधल्या आहेत तेही पाहा. स्विचबोर्डाच्या मागे किंवा गिलावा पडला असेल तिथे सांध्यात खिळा घाला. मातीसारखं भुरुभुरु पडलं तर माती. पांढरट, खरवडल्यावर दाणेदार निघालं तर चुना. खिळाच वाकला तर सिमेंट.

आणि एक प्लॅस्टिकचा कागद, दोन फूट बाय दोन फूट, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. बाहेरून धरलं तर ती खोलीतली दमट हवा.

लोणा ओल्या फडक्याने पुसू नका. तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका.

मोकळा_वेळ (१३ जानेवारी)

एवढं पुराण कशाला? भाचा बरोबर सांगतोय. पीव्हीसी पॅनेल, एका दिवसात काम, पुसलं की स्वच्छ. आमच्याकडे चार वर्षं झाली.

कोयनाकाठ (१३ जानेवारी)

आपली भिंत कोरडी असेल. ओल्या भिंतीवर पॅनेल म्हणजे गळूवर शर्ट. मागे बुरशी होते, झुरळं होतात, आणि पुढचा पूर आला की चिखल पॅनेलच्या मागेच बसून राहतो, धुताही येत नाही.

गावभागची_सून (१९ जानेवारी)

काका, सगळं केलं. एक रविवार आणि तीन संध्याकाळी गेल्या. सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या होत्या. नाणं वाजलं की मी सांगायच्या आधी त्या "बद्द" किंवा "ठीक" असं म्हणायच्या. भांडी वाजवून घेणाऱ्या बाईचे कान आहेत ते.

आडवी दोरी: वरच्या कडेला मध्यभागी भिंत ६ मिलीमीटर पुढे आहे.

खडूचा नकाशा: वरच्या भागात एकच मोठा गोल. बरोबर त्या पोटावर, साधारण अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच. बाकी वरचा जुना गिलावा खणखणीत. खालच्या सिमेंटच्या पट्ट्यात मात्र गोल काढून खडू संपला. निम्म्याहून जास्त बद्द. दिसायला तोच दगडासारखा होता.

सांधा: स्विचबोर्डाच्या मागे खिळा घातला. माती. चक्क माती, भुरुभुरु पडणारी. गिलावा तेवढा चुन्याचा.

प्लॅस्टिक: एक कागद पायरीच्या खाली लावला, एक वर सात फुटांवर. खालच्याच्या आत दव धरलं, वरचा कोरडा.

पोटावरचा गोल मी थोडासा उचकटला (राहवलं नाही). गिलावा एका हाताने निघाला. मागे वीट जागेवर आहे, दोरी लावून पाहिली, बाजूच्या विटांच्या रेषेतच आहे. म्हणजे भाकरीच फुगली होती.

आता पुढे?

कोयनाकाठ (१९ जानेवारी)

छान. आता आकडे परत वाचा. वरच्या कडेला मध्ये भिंत ६ ने पुढे आहे, म्हणून मधल्या ओळंब्याच्या प्रत्येक आकड्यातून ६ वजा करा. पोटाचा ४१ झाला ३५. कोपऱ्यात वर ५० आहे. पोट तसंच ठेवून भिंत एका पातळीत आणायची असती तर कोपऱ्यांमध्ये १२-१७ मिलीमीटर भर घालावी लागली असती, तीही सगळ्या वरच्या भागावर. आता पोट निघालं, तर वर उरतो फक्त तो ६ चा फुगवटा, साडेसहा फुटांत पसरलेला. तो सोडून द्या.

हो, सोडून द्या म्हणतोय. भिंत सपाट असणं वेगळं आणि ओळंब्यात असणं वेगळं. डोळ्याला खड्डा दिसतो, पायरी दिसते, लाट दिसते. दहा फुटांत बोटभर कललेली भिंत डोळ्याला दिसत नाही, फक्त कपाटाला आणि टाइलवाल्याला दिसते. कपाटासाठी अख्खी भिंत ओळंब्यात आणायचा खर्च करू नका. कपाटाच्या पुढच्या पायांखाली पाचर घाला, किंवा सुताराकडून वरच्या फटीला भिंतीच्या आकाराची पट्टी कातरून घ्या. पालीची सोय तेवढ्याने बंद होईल.

खालचा साडेचार फुटांचा सिमेंटचा पट्टा मात्र पूर्ण काढा. मातीच्या सांध्यावर सिमेंट धरत नाही. माती मऊ, सिमेंट कडक, आणि कडक वस्तू आकसताना मऊ वस्तूला ओढून घेऊन सुटते. तिथे चुनाच हवा.

करणी_ओळंबा (२० जानेवारी)

ताई, मी गवंड्याचा मुलगा. वडील राधानगरी भागात जुन्या घरांची, देवळांची कामं करायचे, मी आता कोल्हापुरात मिस्त्री म्हणून उभा असतो. काकांचं सगळं पटलं. हाताने करायचं कसं ते सांगतो.

पाडताना मशीन आणू देऊ नका. मातीच्या भिंतीला ब्रेकरचा धक्का म्हणजे आतली माती ढिली. छिन्नी-हातोडी, हलक्या हाताने. आधी मेन स्विच बंद. पायरीच्या रेषेवर आधी ग्राइंडरने सरळ चीर मारून घ्या, नाहीतर खालचा पट्टा पडताना वरचा चांगला गिलावा पण सोबत घेऊन जातो. पाडून झाल्यावर सांध्यातली सुटी माती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खरवडायची, ब्रशने झाडायची. आणि मग थांबायचं. हेच कुणाला जमत नाही. उघडी भिंत निदान महिनाभर तरी वाऱ्याला सोडा, खिडक्या उघड्या, पंखा चालू. अख्खी भिंत काय महिन्यात वाळणार नाही. जुने लोक इंचाला महिना धरायचे, तुमची चौदा इंची आहे. पण वरवरचा लोणा बाहेर येऊन झाडता येतो. फेब्रुवारी तोंडावर आहे, हवा कोरडी असते, याच्यासारखा दुसरा महिना नाही.

त्या महिन्यात चुना भिजवा. कळीचा चुना मिळाला तर पिंपात आधी पाणी घ्या, मग त्यात चुना टाका. उलटं कधीच नाही. उकळी फुटते, अंगावर उडतो, डोळ्याला चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. वर चार बोटं पाणी राहील असं झाकून ठेवायचं. दोन आठवडे तरी, जितका मुरेल तितका लोण्यासारखा.

माल आमच्या घरचा असा: एक घमेलं चुना, एक घमेलं सुरखी, दोन घमेली वाळू. सुरखी म्हणजे जुन्या भाजक्या विटेचा चाळलेला चुरा. ती घातली की चुना ओलीतसुद्धा धरतो. वाळू चाळून, आणि खारट नको. माल आज कालवून उद्या मळायचा, जितका मळाल तितका चिकट.

आता सपाट करायचं. इथेच खरी कसोटी. वरचा जुना गिलावा हीच तुमची पातळी धरा. पायरीच्या रेषेखाली दर चार-पाच फुटांवर ठिय्ये मारा, म्हणजे मालाचे तळहाताएवढे गोळे, त्यावर टाइलचा तुकडा दाबून. वरच्या ठिय्याचं तोंड जुन्या गिलाव्याच्या बरोबरीत. खालचा ठिय्या ओळंब्याने नाही, तर वरच्या भिंतीवर सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी टेकवून तिच्या सरळ रेषेत. वरची भिंत कलली असेल तर खालचीही तशीच कलू दे, मग सांधा डोळ्याला लागत नाही. ठिय्या वाळला की दोन ठिय्यांमध्ये मालाची उभी पट्टी भरा, आणि मग दोन पट्ट्यांमधला भाग. सहा फुटी पट्टी खालून वर नागमोडी ओढत यायचं, जादा माल निघतो, खड्डे दिसतात, ते भरायचे, परत ओढायचं.

आणि चौकट बघा. दाराची चौकट भिंतीच्या पुढे किती आहे? ती आठ-दहा मिलीमीटरच असेल तर तेवढाच तुमचा हिशोब. गिलावा चौकटीच्या पुढे गेला की दार उघडताना घासतं आणि मग सुताराचा खर्च लागतो. स्विचबोर्डाची पेटी पण त्याच वेळी पुढे घ्या.

एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त भरू नका. पहिला हात खरबरीत ठेवा, करणीच्या टोकाने तिरप्या रेघा मारा. आठ-दहा दिवसांनी दुसरा. जुन्या-नव्याच्या सांध्यावर, वर तीन इंच खाली तीन इंच येईल अशी फायबरची जाळी दुसऱ्या हातात दाबून टाका, नाहीतर तीच रेघ चीर म्हणून परत दिसेल. सिमेंटसारखे पाण्याचे पाइप मारायचे नाहीत. ओलं गोणपाट किंवा हलका फवारा, सात-आठ दिवस. चुना पाण्याने नाही, हवेने घट्ट होतो. त्याला नुसतं तहानेने मरू द्यायचं नाही.

माल किती? १३ फूट बाय साडेचार, जाडी पाऊण इंच धरली तर सांधे भरण्यासकट वाळू-सुरखी मिळून पाच-सहा घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा दुकानदार अर्धा ब्रास टेम्पोत घालायला लागला तर हात जोडा आणि पोत्यातली घ्या.

शेवटी नीरूचा, म्हणजे मुरलेल्या चुन्याच्या गाळीव लगद्याचा, पातळ हात, घोटून. वर रंग ऑइलचा किंवा प्लॅस्टिकचा नको, परत तोंड बांधल्यासारखं होईल. चुन्याचा रंग द्या.

तिसरा_मजला (२० जानेवारी)

एक भर घालतो. नीरू ओला असतानाच रात्री खोलीतले दिवे बंद करून मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरा. दिवसा सपाट वाटलेली भिंत चंद्रासारखी दिसते. पण एवढ्याने घाबरू नका. जिथे ट्यूबलाइट लावणार आहात तिथून पडणाऱ्या उजेडात दिसतं तेवढंच दुरुस्त करा, नाहीतर मे उजाडेल.

गावभागची_सून (२८ एप्रिल)

मंडळी, काम झालं. उशिरा लिहिते आहे, राग मानू नका.

पट्टा पाडला. निम्मा छिन्नी टेकवताच ताटाएवढ्या तुकड्यांनी आला, मागे मातीचा थर चिकटून. उरलेल्या निम्म्याने मिस्त्रींना तीन दिवस घाम फोडला. (तेच मिस्त्री, सगळं पाडायचं म्हणणारे. खडूचा नकाशा दाखवल्यावर आधी हसले, मग स्वतः नाणं घेऊन वाजवत बसले.) पंधरा पाट्या राडारोडा निघाला. उघड्या भिंतीवर पहिल्या आठवड्यात इतका लोणा आला की मीठ सांडल्यासारखं वाटत होतं. रोज सकाळी झाडायचे. पाचव्या आठवड्यात जवळजवळ थांबला, म्हणून कामाला लागलो.

कळीच्या चुन्यासाठी दोन दुकानं फिरले. तिसरीकडे मिळाला, दुकानदाराने विचारलं, "देवळाचं काम आहे का?" पिंप मागच्या अंगणात ठेवलं. उकळी फुटली तेव्हा सासूबाईंनी मला दारातूनच ओरडून चष्मा लावायला लावला.

चुका सांगते, इतरांच्या कामी येतील. पहिल्या हाताला सुरखी जाडी राहिली, चाळण मोठ्या भोकाची होती, त्यामुळे पट्टी ओढताना माल फरफटत होता. तेवढा भाग काढून परत केला. दुसरं, खिडकीखालचा भाग दुपारच्या उन्हाने लवकर वाळला आणि बारीक जाळीदार चिरा आल्या. गोणपाट तिथे आधी लावायला हवं होतं. नीरूने त्या भरल्या, आता दिसत नाहीत. चौकटीचा सल्ला लाखमोलाचा होता. आमची चौकट ९ मिलीमीटरच पुढे होती, मिस्त्री त्यावरून गेलेच असते.

करणी_ओळंबा दादा, खालचे ठिय्ये वरच्या भिंतीवरून पट्टी लावूनच मारले. मिस्त्रींना ते पटत नव्हतं, त्यांना ओळंब्यातच हवं होतं. मग मी काकांचं वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वाचून गवंडीकाम करणारी पहिलीच बाई बघतोय." पण केलं.

मोजलं. जिथे पायरी होती तिथे आता सहा फुटी पट्टी टेकवली तर तिच्यामागे दोन मिलीमीटरच्या वर फट कुठेच नाही. मधला ६ चा फुगवटा तसाच आहे. नंतर घरी आलेल्या कुणाच्याच तो लक्षात आला नाही, मला मात्र रोज दिसतो.

लोणा अजून येतो. जमिनीपासून फूटभर, अगदी पुसट, आठवड्याला एकदा झाडला की पुरे. वर चढलेला नाही.

कपाट जागेवर गेलं. पुढच्या पायांखाली सागाच्या दोन पाचरा, आणि वर सुताराने कातरून दिलेली पट्टी. पाल आता देव्हाऱ्यामागे राहते. काडेपेटी ठेवायला जागा उरली नाही म्हणून सासूबाईंची कुरकुर आहे, त्यांना खिळ्यावर एक डबी टांगून दिली.

कोयनाकाठ (२८ एप्रिल)

झकास. पावसाळ्यात खालचा लोणा वाढला तर घाबरून लगेच काही फासू नका. दिवाळीनंतर परत कागद लावून पाहा आणि इथे लिहा. आणि तो पितळी ओळंबा नीट ठेवा, आता असे मिळत नाहीत.

गावभागची_सून (२९ एप्रिल)

काका, ओळंबा मिस्त्रींकडे आहे. "दुसऱ्या कामावर दोन दिवस लागतो" म्हणून घेऊन गेले, त्याला तीन आठवडे झाले. आज संध्याकाळी आणायला जाते आहे.